रिकामं आलं तर काही नाही

प्रीतम आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी होते आणि नोकरी सोडून गेला तेव्हाही मी होते. म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे, असं मी समजते. बाकीचे बोलतात ते सगळं मागून ऐकलेलं. आमचे मालक ताराचंदजी मागच्या आठवड्यात फोनवर कुणाला तरी सांगत होते, "लडका अच्छा था, बस थोडा ढीला था." मी पलीकडच्या टेबलावर दात-ओठ खात बसले होते. ढीला म्हणे. ज्याच्या कामावर तुमची गाडी आली, फ्लॅट आला, तो ढीला.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटची नोंद, औषधं, बिलं, सगळं त्यात. ताराचंदजींच्या घरचा मूळ धंदा गांधीबागेत कापडाचा. त्यांनी दुकान भावाला सोडलं आणि हे सुरू केलं, पण बोलणं अजून ठोक बाजारातलंच. माझं काम दवाखान्यात जाऊन सिस्टर लोकांना स्क्रीन शिकवायचं, आणि काही बिघडलं की फोनवर त्यांच्या शिव्या खायच्या. नाव वंदना, पण धंतोलीतल्या निम्म्या वॉर्डांमध्ये मला 'कॉम्प्युटरवाली ताई' म्हणतात.

प्रीतम कन्हानचा. वडील बळीराम कोळसा खाणीत होते. आजोबांनी छप्पन साली इथे नागपुरातच दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून त्या घरात एकच नेम चालत आला, की पोरांनी शिकायचं, बाकी काय वाट्टेल ते होवो. प्रीतम शिकला. इंजिनिअर झाला. बोलायला हळू, हसायला त्याहून हळू. डबा खाताना सुद्धा विचार करून घास घ्यायचा. मी म्हणायची, "काय गा, भाजीत पण चूक शोधून राहिला का?" तर म्हणायचा, "नाही ताई, जेवून राहिलो." असं सरळ उत्तर. चेष्टा करायची पण सोय नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यासाठी थोडं कामाचं सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही तेवढंच कळतं.

दवाखान्याची सगळी माहिती एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये राहते, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. त्याच्यात छोटी छोटी फंक्शनं असतात. एकेक फंक्शन एकेका प्रश्नाचं उत्तर देतं. प्रोग्राम लिहिणारा माणूस त्या फंक्शनच्या डोक्यावर एक-दोन ओळी साध्या भाषेत लिहून ठेवतो, की हे काय करतं, उत्तर कसं वाचायचं. त्याला कमेंट म्हणतात. मशीन ती ओळ वाचतच नाही. ती असते पुढच्या माणसासाठी. आमच्याकडे तर या सगळ्या ओळी गोळा होऊन आपोआप माहितीचं पान तयार होतं, आणि वॉर्डात स्क्रीनवरचं 'मदत' बटण दाबलं की तेच पान उघडतं. पान नेहमी आजचं दिसतं. कालपर्यंत तिथे काय होतं, ते बघणाऱ्याला कळत नाही.

प्रीतमने सुरुवातीला या ओळी इंग्रजीत लिहिल्या होत्या, चांगल्या लांब लांब, नीट समजावून. एका मीटिंगमध्ये ताराचंदजींनी त्यातली एक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. स्पेलिंग चुकलेलं होतं, व्याकरण पण थोडं वाकडं होतं. ते हसले, मग सगळे हसले. "भाई, कस्टमर कमेंट के पैसे नहीं देता. छोटा लिख, या मत लिख." प्रीतम पण हसला त्यांच्यासोबत. मला तेव्हा इतका राग आला होता, पण नवऱ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं, नोकरी हवी होती. तेव्हापासून प्रीतम इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागला, चार-पाच शब्दांत. माणसाला एकदा बोलण्यावरून हसलं ना, की तो कमी बोलतो. लिहिण्याचंही तसंच.

तर त्यातलं एक फंक्शन ॲलर्जीचं. पेशंटचा नंबर दिला की त्याला कोणतं औषध चालत नाही ते सांगतं. औषधांची नावं आली तर प्रश्नच नाही. पेशंटला विचारलं असेल आणि त्याने नाही म्हटलं असेल, तर 'नाही' हा शब्द येतो. आणि कुणी विचारलंच नसेल, तर उत्तर रिकामं येतं. यावर प्रीतमची ओळ होती, "रिकामं आलं तर काही नाही."

त्याच्या मनात काय होतं? रिकामं आलं तर नोंद काही नाही, म्हणजे माहिती नाही. पण बापा, आपल्याकडे 'काही नाही' हा शब्द कुठे कुठे चालतो ते बघा. डब्यात काय आहे, काही नाही, म्हणजे डबा रिकामा. पडलीस का, लागलं का, काही नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. काहून रडून राहिली वं, काही नाही, म्हणजे जे आहे ते तुले सांगायचं नाही. नागपुरात जन्माला आलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आवाजावरून कळतं. स्क्रीनवरच्या ओळीला आवाज नसतो.

बरीच वर्षं काही बिघडलं नाही, कारण रिकामं उत्तर आलं की स्क्रीनवर जागाही रिकामीच दिसायची. सिस्टर लोक रिकामी जागा बघून पेशंटला विचारायच्या. मग नवी स्क्रीन करायचं ठरलं, रंगीत. ते काम नंदिनीकडे आलं. पोट्टी हुशार आहे, कामसू आहे, तिला मी दोष देत नाही. तिने फंक्शन उघडलं, वरची ओळ वाचली. रिकामं आलं तर काही नाही. म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. तिने रिकाम्या जागेवर हिरवी पट्टी टाकली आणि त्यावर लिहिलं, 'ॲलर्जी नाही'.

सगळ्यांना स्क्रीन आवडली. धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या मॅनेजरने तर सिस्टर लोकांना बजावून सांगितलं, की हिरवी पट्टी असेल तर पेशंटला तेच ते विचारत बसू नका, वेळ जातो. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. घेऊन काय होणार आहे?

सुभद्राबाई हिंगणघाटकडच्या. अंगणात पाय घसरला, मनगट मोडलं. त्याच दवाखान्यात आणलं, नोंदणीच्या वेळी सोबत जावई होता. सासूला कोणतं औषध चालतं न चालतं हे जावयाला काय ठाऊक, आणि गर्दीत त्याला कुणी विचारलंही नाही. ती जागा रिकामी राहिली. वॉर्डात त्या दिवशी रुख्मिणी सिस्टर होती. डॉक्टरांनी दुखण्यावरचं साधं इंजेक्शन लिहून दिलं, रोज शंभर जणांना देतात ते. रुख्मिणीने स्क्रीन बघितली. हिरवी. तिने इंजेक्शन दिलं.

सुभद्राबाईंना पूर्वी एकदा गावातल्या दवाखान्यात तसल्याच इंजेक्शनने अंगभर सूज आली होती. त्यांच्या घरच्यांना माहीत होतं, त्यांना स्वतःला माहीत होतं. आणि त्या बेशुद्ध नव्हत्या हो. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत होत्या, नातीच्या बारशाचं सांगत होत्या. एका शब्दाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. घसा सुजला, श्वास अडकला, डॉक्टर धावत आले, पण उशीर झाला होता. मोडलेल्या हाताची बाई, प्लास्टर करून घरी जायची होती.

दवाखान्यातून फोन मला आला. पेशंटच्या नोंदीत काय होतं ते काढून द्या म्हणाले. मी प्रीतमच्या टेबलाशी गेले. त्याने नंबर टाकला. हिरवी पट्टी आली, 'ॲलर्जी नाही'. तो म्हणाला, "विचारलं होतं मग." आणि फंक्शनचं उत्तर काढून बघितलं, तर रिकामं. मग नंदिनीला हाक मारली, अगदी हळू. "नंदिनी, हे हिरवं कशावरून केलं?"

ती म्हणाली, "सर, तुम्हीच तर लिहिलं आहे ना, रिकामं आलं तर काही नाही."

त्याचा चेहरा कसा झाला हे मला सांगता येणार नाही. नंदिनी रडायला लागली तेव्हा तोच तिला म्हणाला, "तुझी नाही चूक. बस तू. पाणी पी." आणि मला म्हणाला, "ताई, दुसऱ्या दवाखान्यांत पण हेच हिरवं दिसून राहिलं आताच्या आता."

बाईसाठी रडायला त्याने वेळ घेतला नाही. आधी पट्टी पिवळी केली, वर लिहिलं, 'माहिती नाही, पेशंटला विचारा'. मग तो ती ओळ लिहायला बसला. एवढीशी ओळ, पण दुपार गेली त्यात. लिहायचा, खोडायचा, मला वाचून दाखवायचा. "ताई, दुसरा काही अर्थ निघते का यातून? तुम्ही सिस्टर आहा असं समजा. थकलेल्या आहा. घाईत आहा." मी दोन जागी अडले, त्याने दोन्ही जागा बदलल्या. शेवटी जे झालं ते असं: "उत्तर रिकामं आलं तर पेशंटला ॲलर्जीबद्दल अजून कुणीही विचारलेलं नाही. याचा अर्थ ॲलर्जी नाही असा होत नाही. औषध देण्याआधी पेशंटला किंवा घरच्यांना विचारलंच पाहिजे."

संध्याकाळच्या आत ते सगळ्या दवाखान्यांत गेलं. मी त्याला म्हटलं, "वरातीमागून घोडं झालं गा हे." म्हणाला, "हो ताई. पण वराती रोजच निघून राहिल्या ना." तेव्हा मला वाटलं, माणूस असावा तर असा. अजूनही वाटतं. पुढे जे झालं ते त्याच्या त्या चांगल्या कामामुळेच झालं, हेच तर दुखणं आहे.

ताराचंदजी रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. ते खूश झाले. पान उघडून दोनदा वाचलं, म्हणाले, "ये हुई ना बात. एकदम क्लियर." प्रीतमच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदा त्याच्या लिहिण्याचं कौतुक केलं. काहून केलं ते आम्हाला नंतर कळलं.

दवाखान्याने चौकशी समिती बसवली. स्क्रीन दाखवायला मला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला समितीचे लोक, दुसऱ्या बाजूला रुख्मिणी एकटी. डॉक्टर तिथे नव्हते, मॅनेजर समितीच्या बाजूने बसला होता. मला म्हणाले, रिकाम्या नोंदीचा पेशंट उघडा. मी उघडला. पिवळी पट्टी आली. मग म्हणाले, मदत दाबा. दाबलं. प्रीतमची ओळ आली, सगळ्यांनी वाचली. आणि तीच ओळ कंपनीच्या लेटरहेडवर, खाली ताराचंदजींची सही, अशी समितीच्या फायलीत आधीच लागलेली होती.

"सिस्टर, इथे तर अगदी स्पष्ट लिहिलं आहे," त्यातले मोठे साहेब म्हणाले. "विचारलंच पाहिजे. आणखी कसं सांगायचं तुम्हाला?"

रुख्मिणी म्हणाली, "सर, तेव्हा हिरवं होतं."

मी म्हटलं, "हो, हिरवंच होतं, हे नंतर बदललं." साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला फक्त स्क्रीन दाखवायला बोलावलं आहे." मी पुन्हा बोलले तर म्हणाले, कंपनीकडून लेखी आणा. वॉर्डातल्या बाकी सिस्टरांना विचारलं, हिरवी पट्टी बघितली होती का. एकीलाही आठवेना. मॅनेजर तिथेच बसला होता, कसं आठवेल?

मी ऑफिसात येऊन प्रीतमला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि थेट ताराचंदजींच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "साहेब, ती ओळ मी बाई मेल्यावर लिहिली. तुम्ही ती आधीची म्हणून दिली."

"मैंने आगे-पीछे कुछ लिखा ही नहीं," ताराचंदजी म्हणाले. "डॉक्युमेंट में जो है वो दिया. तूने ही तो लिखा है. गलत लिखा है क्या?"

"नाही. पण तारीख..."

"डॉक्युमेंट अपडेट होता रहता है भाई. चालीस लोगों का घर चलता है इस कंपनी पे. तेरा भी."

कुठली ओळ कधी बदलली याचा सगळा इतिहास आमच्याकडे तारखांसकट राहतो. प्रीतमने तो कागदावर काढला, रजा टाकून दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकावर त्याला दिवसभर बसवलं. शेवटी एक क्लार्क आला आणि म्हणाला, तुम्ही कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी आहात का? नाही. मग हा तांत्रिक कागद आम्ही घेऊ शकत नाही, सही-शिक्का पाहिजे. प्रीतमने पोलीस स्टेशनमध्ये पण कागद दिला. तिथे घेतला, आणि बाजूला ठेवला. माझंही एक पत्र त्याला जोडलं होतं, साध्या कागदावर. अजून कुणी विचारलेलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. रुख्मिणीला कामावरून काढलं. गुन्हा दाखल झाला, निष्काळजीपणाचा. पेपरात नाव आलं, 'नर्सच्या चुकीमुळे महिलेचा मृत्यू'. नर्सचं रजिस्ट्रेशन राहतं की जातं ते अजून लटकलेलं आहे, आणि ते गेलं तर दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात ती उभी राहू शकत नाही.

प्रीतमने राजीनामा दिला. ताराचंदजींनी थांब म्हटलंही नाही. जायच्या आधी मला म्हणाला, "ताई, मले त्या सिस्टरकडे घेऊन चला. मले तिले सांगायचं आहे." मी म्हटलं, "कशाले गा? तिचं काय भलं होणार तुझ्या सांगण्यानं?" म्हणाला, "भलं नाही होणार. पण तिले वाटत असन, आपल्यालेच वाचता नाही आलं. तसं नव्हतं, एवढं तिले ठाऊक पाहिजे."

ती दिघोरीकडे राहते, भाड्याच्या दोन खोल्या. आम्ही गेलो तेव्हा गहू निवडत बसली होती. मला बघून उठली, "या ताई." प्रीतम कोण ते मी सांगितलं. तिने त्याला खुर्ची दिली, आतून पाणी आणलं. ज्याचं आपल्या हातून वाटोळं झालं त्याच्या हातचं पाणी प्यायलाही हिंमत लागते. त्याने तो पेला धरून ठेवला, प्याला नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. जुनी ओळ काय होती, तिचा काय अर्थ घेतला गेला, हिरवं कसं झालं, पिवळं कधी झालं. कागद उघडून तारखा दाखवल्या. "ताई, तुम्ही बरोबर वाचलं होतं. स्क्रीनच खोटं बोलत होती. चूक माझ्या लिहिण्याची आहे." तो हात जोडणार होता, पण हातात पेला होता.

रुख्मिणीने कागद घेतला. चष्मा शोधून आणला. जुनी ओळ वाचली, मग नवी. नवी तिने बोट ठेवून हळूहळू वाचली, जसं काही पहिल्यांदाच बघत होती. समितीसमोर तीच ओळ तिच्या तोंडावर फेकली होती, तेव्हा घाबरलेल्या बाईने काय वाचलं असेल?

"हे तर माझ्या पोरीलेही समजन," ती म्हणाली. "शाळेत आहे ती."

प्रीतमने पेला खाली ठेवला.

"हे मी वाचलं असतं ना भाऊ, तर मी त्या बाईले विचारलं असतं. हातावरून हात फिरवून विचारलं असतं." तिने कागद घडी करून त्याच्यासमोर ठेवला. "इतकं सरळ लिहिता येत होतं तुमाले, तर आधी काहून नाही लिहिलं?"

मला वाटलं आता ती ओरडेल, रडेल, आम्हाला घराबाहेर काढेल. तिने तसलं काही केलं नाही. गव्हाचं ताट बाजूला सारून ती प्रीतमकडे बघत बसली, कारण तिला खरंच उत्तर पाहिजे होतं.